मानेजवळचा पिकअप

"ऐका ताई. भरून आला का न्हाई आवाज?"

इरफान मुजावरनं माझी गिटार मांडीवर घेतली होती आणि एकच तार पुन्हापुन्हा छेडत तो माझ्या तोंडाकडे बघत होता. आवाज भरून आला होता यात शंकाच नव्हती. गोल, जाड, तुपात घोळवल्यासारखा. शेजारच्या कारखान्यात मागांची खडखड चालू होती, तरी तो दुकानभर पसरला.

"नको," मी म्हणाले.

"का ओ? कोरियाचा माल हाय."

"फार आवाज आहे त्याला."

इरफाननं गिटार काउंटरवर ठेवली आणि चष्मा कपाळावर चढवला. "ताई, आवाज न्हाई म्हणून भांडणारी माणसं रोज येत्यात. आवाज हाय म्हणून नको म्हणणारं गिऱ्हाईक आज पैल्यांदा बघितलं."

इचलकरंजीतल्या झाडून सगळ्या बेंजो पार्ट्यांची वाद्यं त्याच्याकडे दुरुस्तीला यायची. मिरवणुकीत ट्रॅक्टरवर चार भोंगे लावून वाजवणाऱ्या मंडळींना आवाज किती हवा असतो ते काही विचारू नका. त्यामुळे त्याचंही खरंच होतं. आणि समोर मी, साठी उलटलेली, नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिवणबाई, पदर खोचून उभी. मी गिटार वाजवते यावरच त्याचा विश्वास बसायला अर्धा तास गेला होता.

गिटार कलकत्त्याची होती. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली चुंबकावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेल्या पट्ट्या असतात, त्यांना पिकअप म्हणतात. माझ्या गिटारला दोन होते. एक खाली, तारा टेकतात त्या घोडीजवळ, त्याचा आवाज चरचरीत. दुसरा वर, मानेजवळ, त्याचा मऊ. मी जन्मभर मानेजवळचाच वापरला आणि नेमका तोच मेला. आतली तार तुटली होती. इरफान ती नव्यानं गुंडाळून द्यायला तयार होता, पण उघडायला गेला तर आतलं प्लास्टिकच भुगा होऊन हातात आलं. आता दुसरा बसवणं भाग होतं.

"मेलेला पिकअप भारीतला होता का?" त्यानं विचारलं.

"छे. रडका होता."

"मग?"

मग काय सांगणार? मी पिशवीतून कॅसेट काढली. "ही लाव. मी हिच्याबरोबर वाजवून बघते."

त्यानं कॅसेट लावली. जयसिंगपूरच्या एका गणेशोत्सवातली, गाणाऱ्याच्या माइकवरून कुणीतरी भरून दिलेली. त्यामुळे बाकीची वाद्यं लांब कुठंतरी आणि आवाज अगदी कानाशी. खर्जातला, थोडा घोगरा, सावकाश चालणारा आवाज. इरफाननं मान डोलावली. मी तो कोरियाचा पिकअप लावलेली गिटार घेतली आणि खालून साथ धरली. दोन ओळी झाल्या नाहीत तोच थांबले.

"बघ, बाई दिसेनाशी झाली."

"कोण बाई?"

"गाणारी."

इरफाननं टेपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "ही बाई हाय?"

हा प्रश्न आम्हाला आयुष्यभर विचारला गेला. आमचा 'शलाका महिला ऑर्केस्ट्रा' होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या बायका. आता ऑर्केस्ट्रा म्हटला की युगलगीतं आली, आणि युगलगीतात पुरुष लागतो. तो आमच्याकडे द्वारका होती. ठसठशीत कुंकू लावलेली, चापूनचोपून इरकल नेसलेली द्वारका माइकपुढे यायची आणि तिच्या तोंडून असा आवाज निघायचा की पहिल्या रांगेतली पोरं शिट्ट्या मारायची विसरायची. एकदा कुरुंदवाडला दोघे जण पडद्यामागे पुरुष लपवलाय का ते बघायला स्टेजवर चढले होते. द्वारकेनं गाणं न थांबवता त्यांच्या हातात एकेक झांज दिली आणि खुणेनं वाजवायला लावली.

बायकी आवाजात गाणाऱ्या मुली आल्या नि लग्नं होऊन गेल्या. द्वारका राहिली, मी राहिले. ती नवऱ्यानं टाकलेली, मी लग्नच न केलेली. दोन खोल्या भाड्यानं घेऊन आम्ही एकत्र राहायला लागलो तेव्हा लोकांनी चार दिवस कुजबुज केली, मग तेही दमले. ती तिखट करायची, मी गोड. भांडण झालं की ती माझ्याशी त्या पुरुषी आवाजात बोलायची, 'काय ओ बाई, चहा मिळंल का?' आणि मला हसू यायचं. संसार म्हणतात तो आणखी काय वेगळा असतो मला माहीत नाही.

आणि तिच्या आवाजाला त्या रडक्या पिकअपचीच साथ चालायची. गिटारचा मऊ आवाज जिथं भरतो नेमकी तीच द्वारकेच्या आवाजाची जागा. चांगला पिकअप असता तर दोघं एकाच पाटावर बसल्यासारखे झाले असते. माझा तो मेलेला पिकअप इतका अशक्त होता की मध्ये जागा मोकळी राहायची, आणि तिथं ती आरामात मांडी घालून बसायची. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. एकत्र वाजवून वाजवून ते तसं झालं होतं.

दोन वर्षांपूर्वी द्वारकेला न्यूमोनिया झाला. आवाज गेला, अंगातलं बळ गेलं. तिचा भाचा उमाकांत भोसरीहून गाडी घेऊन आला आणि 'बरी झाली की आणून सोडतो' म्हणून घेऊन गेला. भला माणूस. ती बरी झाली, पण यायचं नाव निघेना. 'गाता येत नाही तर तिथं येऊन करू काय गं? तुझ्या तोंडाकडे बघत बसू?' ती फोनवर म्हणायची. मला म्हणावंसं वाटायचं, बस की. पण असलं आम्ही एकमेकींना कधी बोललो नव्हतो, ते फोनवर कुठून जमणार? फोन ठेवला की घर इतकं गप्प व्हायचं की मी उगाच भांडी दोनदा विसळायची. एका माणसाच्या भाताला पाणी किती घालायचं ते मला अखेरपर्यंत जमलं नाही.

अशात जयसिंगपूरच्या त्याच मंडळाचा निरोप आला. मंडळाला पन्नास वर्षं झाली, जुना महिला ऑर्केस्ट्रा एकदा पुन्हा उभा करता का? मी द्वारकेला फोन केला. ती म्हणाली, "एक गाणं म्हणून बघते. गाता आलं ना मंदा, तर मग मी मोकळी. मग मला कुणी इथं धरून ठेवत नाही."

म्हणून मला पिकअप हवा होता. आणि कुठलाही नको होता.

इरफाननं दुसरा बसवला, एका मोडीत काढलेल्या गिटारचा. तो आवाजात हलका होता पण सारखा हिसहिसत होता. द्वारकेच्या आवाजाशेजारी कुणीतरी भजी तळतंय असं वाटत होतं. तोही नको म्हटल्यावर इरफान वैतागेल असं मला वाटलं, पण त्याला आता चेव आला होता. त्यानं टेप मागं नेऊन बाईचा आवाज आणखी एकदा ऐकला, मग खालच्या खणातून एक काळी पट्टी काढून आणली.

"ह्यो मी स्वतः गुंडाळल्याला. एका बेंजो पार्टीसाठी. दुसऱ्या दिवशी परत आणून टाकला त्यांनी. म्हटले, मिरवणुकीत मुंगीलाबी ऐकू जायचा न्हाई. चुंबक उतरल्याला हाय ह्यातला."

त्यानं तो कानशीनं घासून बसवला. मी टेपबरोबर वाजवायला लागले. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. द्वारका गात होती आणि मी तिच्या खाली होते, होते आणि नव्हतेही. कडवं संपेपर्यंत मी थांबलेच नाही. माझे डोळे भरून आले होते, ते त्याला दिसू नयेत म्हणून मी उगीच गिटारच्या खुंट्या पिळत बसले.

"हाच दे."

"देतो. पण ऐका ताई, एकट्यानं वाजवायला बसलासा तर ह्यात कायच दम न्हाई. मग मला बोल लावायचा न्हाई."

"एकटी कशाला वाजवीन?" मी म्हणाले.

त्या संध्याकाळी मी भोसरीला फोन लावला. "चार दिवस आधी येशील ना? तालमी कराव्या लागतील."

"उमाकांतला रजा नाही गं. त्या दिवशी सकाळीच निघू." मग ती घाईघाईनं म्हणाली, "तालीम झालीय माझी."

कुणाबरोबर, हे मी विचारायला हवं होतं. पण ती गातेय, एवढंच माझ्या कानात शिरलं. दुसऱ्या दिवशी मी तिची गादी गच्चीवर टाकून ऊन दाखवलं, उशीचे अभ्रे नवे शिवले. कमल आमची ढोलकीवाली. तिनं मला जिन्यात गाठलं आणि म्हणाली, "नवरी यायची आहे का गं घरात?" मी म्हटलं, "नवरा." आणि दोघी जिन्यात बसून पोट दुखेपर्यंत हसलो.

कार्यक्रम दुपारी चारचा होता, मंडळाच्या सभागृहात. द्वारका तीनला आली. वाळली होती. इरकल तीच, पण आता तिच्या अंगावर मोठी झालेली. तिला मिठी मारायची म्हणून मी पुढे झाले तर तिनं माझ्या हातातली गिटारची पेटी बघितली आणि म्हणाली, "आणलीस? बरं झालं." मागून उमाकांत आला. त्यानं सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि खिशातून एक पेन ड्राइव्ह काढून साउंडवाल्याच्या हातात दिला.

"काय आहे ते?" मी विचारलं.

"ट्रॅक, मावशी," तो उत्साहानं म्हणाला. "गाण्याचं सगळं म्युझिक. द्वारकामावशीच्या पट्टीत उतरवून आणलंय कॉम्प्युटरवर. गेले सहा महिने रोज म्हणतेय ती यावर. मस्त बसलंय."

कमलनं ढोलकी खाली ठेवली. "आणि आम्ही काय पेढे वाटायचे?"

उमाकांत बिचारा गोरामोरा झाला. "तसं नाही मावशी, तुम्ही बाकीची गाणी वाजवाच की. फक्त तिच्या एका गाण्याला..."

द्वारकेनं माझा दंड धरला आणि मला खिडकीपाशी नेलं. बाहेर मंडळाची माणसं खुर्च्या पुसत होती. ती त्यांच्याकडे बघत बोलली.

"रागावलीस?"

"मी साथ करणार होते, द्वारका."

"माहीत आहे. म्हणूनच." "मला आता मध्येच श्वास पुरत नाही. मी अडखळले तर तुम्ही थांबाल. तू तर थांबशीलच, मला ओळखतेस ना. आणि तुम्ही थांबलात की मला कळणार, माझं संपलं. हे यंत्र थांबत नाही गं. मग मलाही थांबता येत नाही."

मला खूप वाईट वाटलं, आणि तिचं पटलंही. दोन्ही एकदम झालं. मी म्हटलं, "बरं. मी खाली बसून ऐकते."

"खाली नाही!" ती एवढ्या जोरात म्हणाली की खुर्च्या पुसणाऱ्यांनी वर बघितलं. "तू माझ्या डाव्या हाताला बसायचंस. नेहमीसारखी. गिटार घेऊन. वाजव तू. तू नसलीस तर मी उभीच राहणार नाही, घरी जाईन."

"ट्रॅकमध्ये गिटार असेल की."

"असू दे. तू वाजव."

मी बसले. बाकीची गाणी झाली, टाळ्या झाल्या, म्हाताऱ्या झालेल्या श्रोत्यांनी म्हाताऱ्या झालेल्या आम्हाला गोड मानून घेतलं. मग द्वारका पुढे आली. साउंडवाल्यानं कळ दाबली आणि भोंग्यांतून वीस व्हायोलिनं आणि कुणा अनोळखी माणसाची गिटार सुरू झाली.

मी पहिला सूर धरला आणि अंगावर काटा आला. उमाकांतनं ट्रॅकचा सूर कॉम्प्युटरवर खाली ओढला होता, तो दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठंतरी लटकत होता. माझी गिटार सुरात लावलेली. दोन्ही गिटारी एकमेकींना चावत होत्या. मी एक तार सैल करून बघितली, जमेना. द्वारका गायला तोंड उघडणार होती. तिनं मान किंचित वळवली आणि माझ्याकडे बघितलं. नेहमी बघायची तसं.

मी करंगळीनं आवाजाचं बटण फिरवलं आणि बंद केलं.

मग मी वाजवलं. अख्खं गाणं वाजवलं. एकही जागा सोडली नाही, एकही तार चुकवली नाही. माझी बोटं चालत होती आणि त्यातून काही निघत नव्हतं. द्वारका गायली. सुरुवातीला चाचपडत, आणि मग एका क्षणी तिचा आवाज मोकळा झाला, तोच तो जुना, खर्जातला, सगळं सभागृह भरून टाकणारा. मागच्या रांगेतून शिट्टी आली. मधल्या संगीतात ट्रॅकमधल्या गिटारनं एक लांबलचक तान घेतली. तेव्हा द्वारका माझ्याकडे वळून हसली आणि तिनं मान हलवून दाद दिली. मीही हसले. बोटं त्या तानेवरून फिरवत राहिले.

टाळ्या थांबेनात. मंडळाच्या अध्यक्षांनी शाल घातली. द्वारका पाठीमागच्या खोलीत आली ती घामानं निथळत, डोळे लहान पोरीसारखे लकाकत होते. तिनं मला अखेर मिठी मारली.

"मंदा, आज गळा सुटला गं! घरी त्या ट्रॅकवर रोज म्हणते, पण असं एकदाही झालं नाही. आज तुझी गिटार कानावर पडली आणि मी सुटलेच. काय केलंस तिला? किती निराळी लागत होती! आहे म्हणावं तर मध्ये येत नव्हती, नाही म्हणावं तर आधार होता."

मी म्हणाले, "पिकअप बदललाय. मानेजवळचा."

"छान निवडलास."

"चल आता घरी. गादीला ऊन दाखवलंय. अभ्रे नवे आहेत."

तिनं माझे दोन्ही हात धरले. ती काय बोलणार ते मला तिच्या पकडीवरूनच कळलं.

"तेच सांगायचं होतं तुला. उमाकांतच्या सोसायटीत गणपतीत गा म्हणतायत. मी नको म्हणत होते, आज ठरणार होतं सगळं. आता गाईन. तिथं पोरं आहेत, दवाखाना जवळ आहे, आणि गाणंही आहे. आता मला कळलंय कसं लागतं ते. तू तिथं नसलीस तरी चालेल, मी डोळे मिटीन आणि आज वाजवलीस ती गिटार आठवीन."

बाहेर उमाकांतनं हॉर्न दिला. पुण्याच्या अलीकडे गर्दी लागते म्हणून त्याला उजेडी निघायचं होतं. मी तिला गाडीपर्यंत पोचवलं, पदर दारात अडकला होता तो सोडवून आत दिला. गाडी फाटकातून वळेपर्यंत तिचा हात खिडकीबाहेर होता.

कमल ढोलकी खांद्याला लावून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. ती स्टेजवर माझ्या मागेच बसली होती.

"तुझी गिटार बंद होती," ती म्हणाली.

"हो."

"सांगितलंस तिला?"

"नाही."

"अगं, सांगायचंस! राहिली असती कदाचित."

गाडी दिसेनाशी झाली होती. मी गिटारची पेटी उचलली.

"राहिली असती," मी म्हणाले. "पण मग पुन्हा गायली नसती."